आकडा बरोबर होता

सहाव्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये तिने साबणाच्या डबीची कळ दाबली आणि तळहातावर जे पडलं ते साबण नव्हतंच. रंग साबणाचा, वास साबणाचा, पण बोटांमधून सरळ निसटून बेसिनमध्ये गेलं. कुणीतरी त्यात पाणी ओतलं होतं. चांगलं दणकून ओतलं होतं. शेजारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई आरशात स्वतःकडे बघत त्याच पाण्याने मजेत हात धूत होती. "यात पाणी घातलंय," ती म्हणाली. "काय?" बाईने आरशातूनच विचारलं. "साबणात. पाणी." बाईने आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बुटांकडे. बुटांच्या शिवणीत लाल रंग घट्ट बसला होता, तीनदा घासूनही न गेलेला. "फेस येतोय ना? मग झालं," बाई म्हणाली आणि हात झटकत निघून गेली. फेस येतोय ना, मग झालं. मामाचे शब्द वेगळे होते, पण सूर हाच. हाच, काडीचाही फरक नाही. नळ चालूच होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत ती तशीच उभी राहिली, जणू घासत राहिलं तर त्या पाण्यातून अजूनही काहीतरी हाताला लागेल.

या सवयीवरूनच तळावर तिला सगळे चिमटी म्हणायचे. तळ म्हणजे काय, तर वणव्यावर जाणाऱ्या विमानांसाठी एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, चार मोठ्या टाक्या आणि चहूबाजूंना निलगिरी. रानातली नव्हे, लावलेली. एका रांगेत, एका उंचीची, एका वयाची, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी, कागदाच्या कारखान्यासाठी. जंगलात आग कुठेतरी अडखळते, मध्ये खडक येतो, ओलं झुडूप येतं. इथे कसलं काय! तेलाने भरलेली झाडं खांद्याला खांदा लावून उभी. एकाने पेट घेतला की पुढचं तयारच. म्हणून ते लाल औषध. कागदोपत्री त्याचं नाव दीड ओळ लांब होतं, तळावर सगळे नुसतं औषध म्हणायचे. शहरातल्या लोकांना वाटतं, विमान आगीवर जाऊन पाणी ओतून येतं. आगीवर टाकायचंच नसतं ते. आगीच्या पुढे टाकायचं, अजून न पेटलेल्या, हिरव्यागार, काहीच ठाऊक नसलेल्या झाडांवर. त्यातलं पाणी उडून जातं, क्षार पानांवर बसून राहतो, आणि आग आली की पान भडकत नाही, जागच्या जागी काळं पडून कोळसा होतं. आगीला खायलाच मिळत नाही. लाल रंग असतो तो पायलटसाठी, म्हणजे मागची रेघ कुठे संपली ते वरून दिसावं आणि पुढची तिला जोडून ओढता यावी. ओढ्याजवळ टाकायचं नाही, मासे उलटे होऊन तरंगतात. आणि पुढे पाऊस पडून गेला की त्या रेघेवरच गवत कमरेएवढं माजतं, कारण औषध म्हणजे निम्मं खतच. हे शेवटचं तिला फार आवडायचं. ज्याने आगीला नाही म्हटलं, त्याच पट्ट्यात गवत सगळ्यांत उद्धट.

उद्धट हा शब्द तिच्या प्रगतिपुस्तकात चार वर्षं सलग होता. नववीत हजेरी घेताना मास्तरांनी तिचा नंबर पुकारला, ती पहिल्याच बाकावर त्यांच्या नाकासमोर बसलेली, तरी म्हणे तोंडाने हजर म्हण. "दिसत नाही का?" ती म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे बघत बघत गैरहजेरी मांडली. मग तिने दप्तर उचललं आणि ती खरीच गैरहजर झाली, कायमची. मामीने रडारड केली. मामा मात्र हसला, पोट धरधरून हसला. आई गेल्यापासून, म्हणजे ती सहा वर्षांची होती तेव्हापासून, ती मामाच्याच घरी. त्याने तिला तळावर नेलं, टाक्यांपाशी उभं केलं आणि सांगितलं, "इथे हजेरी घेत नाही कुणी. इथे काम दिसतं." मिसळण्याच्या कामावरचा मुख्य तोच. त्याने तिच्या हातात दोन वस्तू दिल्या. एक दुर्बीण, म्हणजे दुर्बिणीसारखी दिसणारी नळी. तिच्या काचेवर औषधाचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आत आकडा दिसतो, क्षार किती ते कळतं. दुसरं नरसाळं. ते काठोकाठ भरायचं, खालच्या भोकावरचं बोट काढायचं आणि ठरलेलं माप खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. त्यावरून डिंक किती ते कळतं. डिंक नसला तर औषध विमानातून सुटताच हवेत भुरभुरून जातं, आणि खाली पोचलंच तर पानावरून ओघळून जमिनीत मुरतं. डिंक असला तर गोळ्याने पडतं आणि पानाला चिकटून बसतं. "क्षार म्हणजे अक्कल," मामा म्हणाला होता, "आणि डिंक म्हणजे चिकाटी. तुझ्याकडे पहिली आहे." दोन वर्षांत तिला नरसाळ्याचीही गरज उरली नव्हती. चिमटीत थेंब धरला की सेकंद सांगायची. कॅप्टन पैजा लावायचा. म्हातारा पायलट, तीस वर्षं आगीवरून उडालेला, कानाने थोडा कमी. "बोल चिमटे, किती?" "चाळीस." मग नरसाळं लावायचे, चाळीस नाहीतर एकेचाळीस. "पोरीच्या बोटांचा विमा उतरवा रे!" तो ओरडायचा, आणि तिला आतून असं काही वाटायचं की ज्याच्यापुढे शाळा, प्रगतिपुस्तक, मास्तर सगळे गेले खड्ड्यात.

बाथरूमचं दार कुणीतरी वाजवलं. "झोपलीस का आत?" मामा. बाहेर लांबच लांब बोळ, भिंतीला लागून बाक, आणि मामाच्या अंगात लग्नाकार्याला घालायचा कोट. केस पाणी लावून मागे वळवलेले. असा तो तिला आवडायचा नाही. धुऊन इस्त्री केल्यावर मामातलं काहीतरी निघून जायचं. "हे बघ," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आत गेलीस की चौकशीच्या मॅडम कागद वाचतील. शेवटी विचारतील, हे बरोबर आहे का. तू हो म्हणायचं, सही ठोकायची. दहा मिनिटांत खाली. उगाच तोंड उघडायचं नाही." "कागदावर काय आहे?" "गाडीत सांगितलं ना." "परत सांग." मामाने इकडेतिकडे बघितलं. "नरसाळं लावलं होतं. बेचाळीस सेकंद." "नव्हतं लावलं." "हळू बोल की!" "नव्हतं लावलं," ती तेवढ्याच आवाजात म्हणाली. बोळाच्या टोकाला, शेवटच्या बाकावर, कॅप्टन टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. त्याला ऐकू गेलं नसावं. त्याने हात वर केला, लांबून चिमटी करून दाखवली आणि हसला. अकरा आठवड्यांत तो दहा वर्षांनी वाकला होता.

अकरा आठवड्यांपूर्वी सकाळी नऊलाच वारा तापलेला होता. आगीने मोठा रस्ता ओलांडल्याची खबर आली तेव्हा पहिली आणि दुसरी टाकी रिकामी झाली होती. चौथीत नुसतं पाणी. तिसरीत गेल्या मोसमातलं उरलेलं औषध, तसंच पडून राहिलेलं. तसं ठेवायचं नसतं. ठेवलंच तर दर आठवड्याला पंप लावून घुसळायचं असतं, नाहीतर डिंक कुजतो, त्यात किडे पडल्यासारखा आतून खाल्ला जातो. क्षाराला काही होत नाही. म्हणजे दुर्बिणीला काही कळत नाही. हे तळावर सगळ्यांना पाठ होतं आणि त्याच दिवशी कुणाला आठवलं नाही. नाही, खोटं. तिला आठवलं होतं. तिने झडप उघडून भांड्यात थोडं काढलं तेव्हा फुलदाणीतल्या आठवडाभर जुन्या पाण्यासारखा आंबूस वास आला. चिमटीत धरलं. काही नाही. बोटावर बोट सरळ टेकलं, मध्ये कुणी नसल्यासारखं. तिने दुर्बीण लावली. आकडा जिथे हवा तिथे, अगदी रेघेवर. "किती?" मामा पंपावरून ओरडला. तिने आकडा सांगितला. "बरोबर आहे ना? मग सोड!" "मामा, हाताला लागत नाहीये. नरसाळं लावते, दोन मिनिटं." "दोन मिनिटांत ती डोंगर उतरेल! आकडा बरोबर आहे ना? सोड म्हटलं ना!" कॅप्टनचं विमान पंखा फिरवत उभं, त्या आवाजाने शेडचा पत्रा थरथरत होता, दाताला दात लागत होते. आणि तिने सोडलं. दिसत नाही का असं मास्तरांच्या तोंडावर विचारणाऱ्या तिने, स्वतःच्या हाताने, चाक डावीकडे फिरवून झडप पूर्ण उघडली. अकरा आठवडे ती त्या एका क्षणाभोवती फिरत होती, बांधलेलं जनावर खुंट्याभोवती फिरतं तशी. मामाची भीती वाटली? छे. मामाला ती कधी घाबरली नव्हती. मग? आकडा बरोबर आहे हे ऐकून तिलाही बरं वाटलं होतं, हेच ते. सगळे म्हणताहेत, यंत्र म्हणतंय, मग आपली बोटंच खोटी असतील. आयुष्यात एकदाच तिने दुसऱ्याचं ऐकलं होतं, आणि नेमका तोच दिवस निवडला.

त्या टाकीतल्या दोन फेऱ्या कॅप्टनने टेकडीच्या माथ्यावर टाकल्या. रेघेच्या मागे कुऱ्हाडी-फावडी घेऊन सहा जण उभे होते, कारण रेघेच्या मागे उभं राहणं म्हणजे भिंतीच्या मागे उभं राहणं, हे त्यांना तळानेच शिकवलेलं. आग रेघेपाशी आली आणि रेघ नव्हतीच. पाच जण पळाले. सहाव्याला, ज्याला सगळे पहिलवान म्हणायचे, एवढा आडदांड की पळायला वळेपर्यंतच वेळ जायचा, त्याला दोन्ही हातांनी तोंड झाकावं लागलं. तोंड वाचलं. ती दवाखान्यात गेली तेव्हा त्याचे हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे उशांवर ठेवलेले होते. तिने त्याला चमच्याने चहा पाजला. त्याने दोन घोट घेतले आणि एवढंच विचारलं, रागाने नाही, लहान मुलं विचारतात तसं, "रेघ होती ना गं तिथे?" तिने चमचा पुढे केला. आणि आगीच्याच दिवशी संध्याकाळी, विमान उतरल्यावर, कॅप्टन तिच्यापाशी येऊन उभा राहिला होता. चेहरा काजळीने भरलेला. "आज माल हवेतच विरला गं. घट्ट होता ना?" त्याने दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, मामाला विचारलं नाही. चिमटीला विचारलं. आणि ती म्हणाली, "आकडा बरोबर होता." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. म्हातारा मान हलवत राहिला. "मग मीच फार उंचावर राहिलो असणार," तो म्हणाला. "वय झालं."

आतल्या खोलीत लांब टेबल, पडदे ओढलेले, थंड हवेचं यंत्र घरघरत होतं. चौकशीच्या मॅडम चष्म्यावरून बघणाऱ्या, आवाज बारीक पण शब्द लांबवून बोलणाऱ्या. त्यांच्या बाजूला तळ चालवणाऱ्या कंपनीचा वकील, दाढी इतकी कोरलेली की वाटावं पट्टीने आखली. कोपऱ्यात कळफलकावर बोटं ठेवून बसलेला टायपिस्ट. आधी कॅप्टनचं झालं. मॅडमनी विचारलं, औषध किती उंचीवरून सोडलं? कॅप्टन टोपीच्या कडा कुरवाळत म्हणाला, "मला तेव्हा दीडशे फूट वाटले, मॅडम. पण माल जसा फाटला, तसा दीडशेवरून फाटत नाही. म्हणजे मी वरच असणार. धुरात अंदाज चुकतो." "म्हणजे चूक तुमची, असं म्हणायचंय तुम्हाला?" वकिलाने किती गोड विचारलं! "माल बरोबर होता ना," कॅप्टन म्हणाला, आणि तिच्याकडे बोट केलं. "हिने तपासला होता. मग दुसरं काय असणार?" टायपिस्टची बोटं टकटकली. मॅडमनी तिच्यापुढचा कागद वाचायला घेतला: मी, अमुक तमुक, दुर्बिणीने व नरसाळ्याने चाचणी घेतली, प्रवाह बेचाळीस सेकंद आढळला. "बरोबर आहे?" मॅडमनी विचारलं. टेबलाखाली मामाचा बूट तिच्या बुटाला टेकला.

"नाही," ती म्हणाली. "काय नाही?" "नरसाळं लावलंच नव्हतं. बेचाळीस सेकंद कुणीतरी घरी बसून मोजलेत." वकील हसला. "मॅडम, मुलगी घाबरलीय." "मी घाबरलेय? मी?" ती उभी राहिली, खुर्ची मागे भिंतीवर आपटली. "डिंक कुजला होता तिसऱ्या टाकीतला. वास येत होता. चिमटीत काहीच लागत नव्हतं. मला कळलं होतं आणि मी झडप उघडली. हे लिहा आधी. माझं नाव पहिलं लिहा." "खाली बस," मामा दातांतून म्हणाला, आणि मग मॅडमकडे वळून एकदम मऊ झाला. "आगीपासून असंच करते, मॅडम. झोपेत ओरडते. लेकरू आहे." "लेकरू कशाला म्हणतोस रे? टाकीपाशी होते तेव्हा नव्हते लेकरू!" "पुरावा काय?" वकिलाने विचारलं. "टाकी तर दुसऱ्याच आठवड्यात धुतलीय, नियमाप्रमाणे." "माझी बोटं," ती म्हणाली. वकिलाने टायपिस्टकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे हसायचं आहे तर हस. टायपिस्ट हसला नाही. "कॅप्टनना विचारा," ती म्हणाली. "मी सांगितलेले सेकंद कधी चुकलेत का? दोन वर्षांत एकदा तरी?" सगळ्यांनी कॅप्टनकडे बघितलं. म्हाताऱ्याचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली, चांगला कान पुढे केला. "म्हणजे मी... दीडशेवरच होतो?" "होतात, काका. तुम्ही बरोबर होतात. मी तुम्हाला निम्मंच सांगितलं." त्याने टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "अकरा आठवडे, चिमटे. मी आरशात बघत नव्हतो." त्याच्या आवाजात माफी नव्हती, आणि ती मागायला ती आलीही नव्हती. तिने मान खाली घातली नाही, एवढंच केलं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "सुरुवातीपासून सांग. हळू. तो टाइप करेल." तिने सांगितलं. टाकी, वास, चिमटी, दुर्बीण, आकडा. टायपिस्ट मधेच थांबला. "मुख्य कामगारांनी औषध सोडण्यास सांगितले, असं घेऊ?" "नाही. सोड, असं घ्या." "म्हणजे तसंच? बोलतात तसं?" "तसंच. आकडा बरोबर आहे ना, मग सोड. दोनदा म्हणाला. दोनदा लिहा." कळा वाजल्या. यंत्रातून कागद आला, अजून कोमट. तिने सगळा वाचला, एका ठिकाणी "किंचित वास" होतं त्यातलं किंचित खोडायला लावलं, आणि सही केली, एवढी मोठी की खालच्या ओळीवर चढली. तेव्हा वकील शांतपणे म्हणाला, "छान. पण हिचं वय सतरा आहे. पालकाची सही लागेल. पालक कोण?" उत्तर त्याच्यापुढच्या फाइलीत होतंच. मॅडमनी ओठ आवळले. "हो. नियम आहे तसा. पालकांची सही नसेल तर मला हे ग्राह्य धरता येणार नाही." कागद टेबलावरून सरकत सरकत मामाच्या पुढ्यात आला आणि थांबला.

मामाने त्याला हात लावला नाही. त्या कोटात तो एकदम कुणाचातरी पाहुणा वाटायला लागला. त्याने तिला सायकल शिकवली होती, तिच्या तापात रात्रभर कपाळावर घड्या ठेवल्या होत्या, आणि हे सगळं नेमकं या क्षणी तिच्यासमोर येऊन उभं राहिलं, जा म्हटलं तरी जाईना. मामी काय म्हणेल, कुठे राहायचं, तळावर पाय ठेवू देतील का, सगळं तिला स्पष्ट दिसत होतं, एकेक झाड दिसावं तसं. "नाही केलीस तरी चालेल," ती म्हणाली. आवाज थोडा फाटला, तिने तो परत ओढून घेतला. "मला अठरा व्हायला एकशे बारा दिवस आहेत. एकशे तेराव्या दिवशी मी याच खुर्चीत येऊन बसेन. हे ऑफिस उठून दुसरीकडे गेलं तर तिकडे येईन. मॅडम बदलल्या तर नव्या मॅडमना सांगेन. आणि दर वेळी सोड असंच म्हणेन, सोडण्यास सांगितले म्हणणार नाही." "ऐकलंत?" वकील मामाला म्हणाला. "उठू या आपण." कुणी उठलं नाही. मामा कागद वाचत होता. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत, हळूहळू, कुठलीही सूचना वाचतो तसा. बोट खाली आलं, थांबलं, परत दोन ओळी वर गेलं. त्याच्या कपाळावर आठी पडली. ती तिला ओळखीची होती. काम अर्धवट दिसलं की पडायची.

"हे असं वाटतंय की मी उगाच सोडलं," तो म्हणाला. त्याने वकिलाकडे बघितलं नाही, टायपिस्टकडे बघितलं. "विमान पंखा फिरवत उभं होतं. आग रस्ता ओलांडून आली होती. नवं कालवायला पाऊण तास गेला असता, आणि खाली सहा माणसं होती. तेही यात यायला पाहिजे."

वकिलाने डोळे मिटले. मॅडमनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला आणि मामाकडे, मग तिच्याकडे बघितलं.

"लिहा ते," ती टायपिस्टला म्हणाली. "तेही खरंय."